अप्पांची चारशे दहा पावलं

सोमवार, ३ तारीख

आज मी हातात छत्री घेऊन दीड तास पावसात भिजलो.

वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. बरोबर आहे. छत्री होती, धडधाकट होती, काळी, लांबलचक, उघडली तर खाली अख्खं कुटुंब मावेल एवढी. पाऊसही होता. आणि तरी माझ्या टकलावरून पाण्याचे ओघळ निवांतपणे कॉलरमध्ये उतरत होते, कारण ती छत्री उघडायची नाही असा हुकूम आहे. जगात नाना प्रकारचे अन्याय होतात, त्यांच्यासाठी समित्या बसतात, ठराव होतात, मेणबत्त्या लागतात. हातात छत्री असून भिजणाऱ्या माणसाच्या बाजूने आजवर कुणी एक पत्रकसुद्धा काढलेलं नाही.

शेजारून सासूबाई चालल्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून; या परदेशी बंदरात आम्ही दोघं लॉज शोधत होतो.

"आई, दोन मिनिटं उघडतो फक्त," मी म्हणालो.

"नको हो. दुसऱ्याची आहे."

ही वही खासगी आहे. साप्ताहिकात मी दर आठवड्याला विनोद करतो, त्यामुळे तिथे खरं लिहिता येत नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे मीच विश्वास ठेवीन.

तर, एक्केचाळीस वर्षांपूर्वी माझे सासरे, ज्यांना सगळं घर अप्पा म्हणतं, एका मालवाहू जहाजावर फिटर होते. जहाज दोन दिवस या बंदरात थांबलं. अप्पा गावात जाऊन केस कापून आले. निघताना पाऊस लागला, तेव्हा न्हाव्याने खुंटीवरची छत्री काढून हातात दिली. "उद्या आणून देतो," अप्पा म्हणाले. पहाट व्हायच्या आत जहाज सुटलं. तेव्हापासून छत्री अप्पांच्या कपाटामागे उभी आहे. दरवर्षी सासूबाई तिच्या काड्यांना तेल लावतात, पण पावसात उघडायची कुणी नाही. पोस्टाने का पाठवली नाही, असं मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. "शब्द तोंडाने दिला होता, पोस्टाने नाही," असं उत्तर आलं. पुढे ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना हसायला सांगायचो.

आता हसू येत नाही. अप्पांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. सतरा तारीख मिळाली आहे. होकाराच्या कागदावर त्यांची सही येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचली नाही, तर तारीख दुसऱ्याला जाईल आणि पुढची दोन महिन्यांनी मिळेल. 'दोन महिने' म्हणताना डॉक्टरांनी छताकडे पाहिलं, असं बायको सांगते. आणि अप्पा म्हणतात, दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मी टेबलावर आडवा व्हायचा नाही.

बायकोच्या शाळेत परीक्षा. मेहुण्याची नोकरी नवीन. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय, तुम्ही कुठेही बसून लिहाल." वीस वर्षं लिहितोय, पण ते काम आहे असं या घरात अजून कुणाच्या कानावर आलेलं नाही.

सासूबाई सोबत आल्या आहेत कारण छत्री माझ्या एकट्याच्या हाती द्यायला अप्पा तयार नव्हते. मागे मी त्यांचा एक पाना हरवला होता.

मंगळवार, ४

आज नकाशा उघडला. अप्पांनी तो जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढलाय, पट्टी लावून, फिटरच्या हाताने. त्यावर एकाही रस्त्याचं नाव नाही. रस्त्यांची नावं बदलतात, दुकानं बदलतात, अंतर बदलत नाही, हे अप्पांचं तत्त्वज्ञान. म्हणून सगळं पावलांत. 'गोदीचा दरवाजा नं. २. बाहेर पडून उजवीकडे ४१० पावलं. दगडी कारंजं, वर मासा. तिथून डावीकडे चढ, २६० पावलं. जिना, ७२ पायऱ्या. वर उजवीकडे १९० पावलं. डाव्या हाताला न्हावी. माणूस सज्जन.'

घरीसुद्धा हेच. येणाऱ्या पाहुण्याला अप्पा फोनवर सांगतात, बस थांब्यापासून तीनशे चाळीस पावलं. पाहुणा तीनशे चाळीस पावलं चालून अलीकडच्या शेजाऱ्यांकडे जातो, तिथला चहा पितो आणि मग आमच्याकडे येतो. वर्षानुवर्षं चाललंय. शेजाऱ्यांनी आता जादा कप घेऊन ठेवलेत.

दरवाजा नंबर दोन मात्र जिथल्या तिथे होता, गंजलेला, वर आकडा अजून दिसतोय. मी नकाशा खिशात घातला, छत्री खांद्याला लावली आणि मोजायला सुरुवात केली. बंदराच्या कडेने रस्ता जातो. एका बाजूला क्रेन, दुसऱ्या बाजूला बंद गोदामं, मध्ये डांबर आणि डिझेलचा वास, आणि प्रत्येक खांबावर एकेक पांढरा पक्षी, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखा. सासूबाई चार हात मागून येत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. नामस्मरण चालू असावं. परमुलुखात माणूस देवाला जरा जास्तच धरून राहतो.

चारशे दहा पूर्ण झाली तेव्हा मी दोरखंडांच्या गोदामासमोर उभा होतो. कारंजं नाही, मासा नाही. एक्केचाळीस वर्षांत काढून टाकलं असणार. डावीकडे चढाचा बोळ होता म्हणून वळलो. दोनशे साठाला जिना लागायला हवा होता, तो तीनशे दहाला लागला. बहात्तर पायऱ्या असायला हव्या होत्या, अठ्ठावन्न भरल्या. फिटर माणूस, पण मोजणीत कच्चा, असं मी मनात म्हणालो आणि बरं वाटलं. वर जाऊन एकशे नव्वद. डाव्या हाताला दुकान होतं. केसांच्या टोपांचं.

केसांशी संबंध तर होता, म्हणून आत गेलो. ही चूक झाली. मालकाने माझ्या डोक्याकडे एकवार पाहिलं आणि उठून दोन्ही हात पसरले. इतकं उघडउघड गरजू गिऱ्हाईक त्याच्या दारात कित्येक वर्षांत आलं नसावं. मी छत्री पुढे करत होतो, तो ती बाजूला ठेवून माझ्या डोक्यावर टोप चढवत होता. पहिला तपकिरी. दुसरा काळा, भांग पाडलेला. तिसऱ्यात मी एका जुन्या तबलजीसारखा दिसत होतो. पाऊण तासाने त्याला कळलं की आम्ही न्हावी शोधतोय. त्यावर त्याने मला ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

"मधला बरा दिसत होता," बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. दिवसभरात त्या एवढंच बोलल्या.

संध्याकाळी अप्पांचा फोन.

"छत्री कशी आहे?"

"मजेत आहे."

"ओल लागली का?"

"तिला नाही. मला लागली."

"पुसून ठेवा."

"मला का तिला?" मी विचारलं. "अप्पा, तुमची तब्येत?"

"मला काय धाड भरलीय? हे बघा जावईबुवा, घाई करू नका. सावकाश शोधा. आठवडा गेला तरी चालेल. दोन गेले तरी चालतील."

शनिवार तोंडावर आलाय आणि हा माणूस म्हणतो घाई नाही. हट्टीपणाची हद्द आहे.

बुधवार, ५

पाय.

गुरुवार, ६

काल मी पाय मिठाच्या पाण्यात घालून बसलो होतो आणि विचार करत होतो. आज तो विचार अमलात आणला. नकाशा चुकीचा असेल तर नकाशा सोडून द्यायचा आणि डोंगरावरचे सगळे न्हावी पालथे घालायचे. या गावात जिने गवतासारखे उगवलेत. एक चढलं की वर दुसरा. खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी थेट तोंडावर येतात, कोपऱ्यावर मांजर बसलेलं असतं आणि ते आपल्याला धापा टाकताना बघतं.

पाच न्हावी सापडले. टक्कल पडलेला मनुष्य, बगलेत लांब छत्री, मागे पिशवी घेतलेली म्हातारी बाई, असं दारात उभं राहिलं की न्हावी काय विचार करत असेल ते मला आता पाचही प्रकारांत माहीत आहे. पहिल्याने खांदे उडवले. दुसऱ्याने माझ्यावर दया येऊन मिशी फुकट कापून दिली. तिसऱ्याला वाटलं मी छत्र्या विकतोय. चौथ्याचं दुकान उघडून तीन महिने झालेले. पाचव्याने मला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, कंगवा हातात घेतला आणि मग बराच वेळ नुसता उभा राहिला.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची छत्री कुणाच्याच ओळखीची नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन. आवाज बारीक.

"अप्पांना काल रात्री धाप लागली होती. तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय त्यांनी. आईला तर मुळीच नाही."

"सही?"

"कागद टेबलावर आहे. त्यावर चष्मा ठेवलाय. पेन मागितलं तर म्हणतात, छत्रीचं काय झालं?" मग ती कुजबुजली, "ऐका ना. ठेवून द्या कुठेतरी आणि दिली म्हणून सांगा. तुम्हाला काय कठीण आहे?"

मी विचार केला. खरंच, काय कठीण आहे? दर आठवड्याला मी मानधन घेऊन खोटं लिहितो. तोंडाने एकदा फुकट बोलायला काय हरकत?

फोन ठेवला तर सासूबाई दारात उभ्या. खोल्यांच्या मधली भिंत इथे फळीची आहे.

"तसलं काही करू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना आवाजावरून कळतं. खोटं बोलायची वेळ आलीच तर मी बोलेन. तुम्हाला जमत नाही."

व्यावसायिक माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. बामची बाटली माझ्या हातात देऊन त्या गेल्या.

शुक्रवार, ७

सकाळी पुन्हा नकाशा. पहिल्या दिवशी माझं मोजायला चुकलं असेल म्हणून पुन्हा दरवाजा नंबर दोन, पुन्हा चारशे दहा, पुन्हा दोरखंडाचं गोदाम. गोदामवाला आता मला हात करतो. दुपारी दरवाज्यातून डावीकडे जाऊन पाहिलं, अप्पांना डावं-उजवं कळत नसेल म्हणून. मासळीच्या बर्फात पाय गेला. चार वाजता धक्क्यावरच्या बाकावर बसलो आणि मनातल्या मनात जाहीर केलं की झालं, संपलं.

सासूबाई शेजारी बसल्या. छत्री दोघांच्या मध्ये, तिसऱ्या माणसासारखी. त्यांनी पिशवीतून सफरचंद काढलं, चार फोडी केल्या, तीन मला दिल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अप्पा चालायचे कसे हो तरुणपणी?"

"पुढे."

"आणि तुम्ही?"

"मागे. पळत." त्यांनी फोड खाल्ली. "सहा फुटी माणूस. ढांग केवढी. लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात गेलो तेव्हाच लक्षात आलं. त्यांची दोन पावलं की माझी तीन. चव्वेचाळीस वर्षं तेच चाललंय. आता ते हळू चालतात, तरी माझी आपली तीन पडतात. सवय."

मी हातातली फोड खाली ठेवली. मग नकाशा काढला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. माझे पाय आमच्या घराण्यात उंचीला कधीच प्रसिद्ध नव्हते. नकाशावरचं प्रत्येक पाऊल सहा फुटी फिटरचं होतं आणि गेले चार दिवस मी ते पाच फूट चार इंची विनोदी लेखकाच्या पायांनी मोजत होतो. बिचारे ते पाहुणे. बिचारे शेजारी.

"आई, म्हणजे चारशे दहाचे..."

"सहाशे पंधरा," त्या म्हणाल्या. हिशोब तयार होता. "माझे. मंगळवारी तुम्ही त्या दोरखंडवाल्याकडे वळलात ना, तेव्हा माझे चारशे ब्याण्णवच झाले होते."

"मोजत होता तुम्ही?"

"मग काय करत होते?"

"मग बोलला का नाहीत?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काही विचित्र बोललो. "जावयाला रस्त्यात कसं सांगायचं, चुकलात म्हणून? आणि तुम्ही मोजत होता. मध्ये बोललं की आकडा चुकतो."

चार दिवस. तीन टोप. पाच न्हावी. एक मिशी.

उजेड कमी होत होता आणि दुकानं बंद व्हायला लागली होती. उद्या सकाळी जायचं ठरलं. उद्या शनिवार आहे.

शनिवार, ८

आज सासूबाई पुढे आणि मी मागे. छत्रीही त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. दरवाजा नंबर दोनपाशी त्यांनी साडी दोन बोटं वर खोचली, नाकासमोर बघितलं आणि निघाल्या. अजिबात न थांबता, मोठ्याने मोजत. क्रेनवरचा माणूस खाली वाकून बघायला लागला. दोरखंडवाल्याने हात केला, त्यालाही त्यांनी "चारशे ब्याण्णव" असंच उत्तर दिलं.

सहाशे पंधराला त्या उभ्या राहिल्या. तिथे कारंजं नव्हतं, गाड्या लावलेल्या होत्या. पण दोन गाड्यांच्या मधे फरशीत जुन्या दगडांचं एक वर्तुळ होतं, आणि एका दगडावर, पार झिजलेली, माशाची शेपटी. बाकीचा मासा कुठे गेला कोण जाणे. सासूबाईंनी बुटाच्या टोकाने शेपटीवरची धूळ बाजूला केली आणि डावीकडे वळल्या.

तीनशे नव्वदला जिना लागला. पायऱ्या कुणाच्याही पायाने तेवढ्याच भरतात. एक्काहत्तर, बहात्तर. वर पोचल्यावर त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, बसा जरा. त्या म्हणाल्या, आकडा विसरेन.

दोनशे पंच्याऐंशी. डाव्या हाताला न्हावी.

लहानसं दुकान, दोन खुर्च्या, दाराशी पत्र्याचा उभा डबा आणि त्यात दहा-बारा छत्र्या. एक फुलाफुलांची, एक प्लास्टिकची, एक लहान मुलाची कान असलेली. आत चाळिशीची एक बाई कुणाची तरी दाढी करत होती. खिडकीशी एक म्हातारा गृहस्थ खुर्चीत बसून डुलकी काढत होता.

मी चार दिवस पाठ केलेलं भाषण मोडक्या इंग्रजीत सुरू केलं. तिने वस्तरा थांबवला. तिचं इंग्रजीही माझ्याच शाळेतलं. पण सासूबाईंनी छत्री पुढे केली तेव्हा भाषणाची गरज उरली नाही. मुठीखाली पितळी कडं आहे, त्यावर बारीक कात्री कोरलेली. तीच कात्री आरशाच्या चौकटीवर होती, खुर्चीच्या पाठीवर होती आणि म्हाताऱ्याच्या हातातल्या काठीवरही.

तिने म्हाताऱ्याला हलवून जागं केलं आणि त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. त्याने छत्री घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे, खरं म्हणजे माझ्या डोक्याकडे, खूप वेळ पाहिलं आणि काहीतरी बोलला.

"बाबा विचारतायत," मुलगी म्हणाली, "एवढे दाट केस होते तुमचे. गेले कुठे?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. "राहू द्या. समजू दे तसं."

"ते म्हणतात, तुम्ही उद्या आणतो म्हणाला होतात."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "जहाज सुटलं."

म्हातारा हसला. दात दोनच होते, पण हसू पूर्ण होतं.

"ते म्हणतात, सगळ्यांचीच जहाजं सुटतात. या डब्यातून निदान शंभर छत्र्या गेल्या असतील. कोणी मोजतं का?"

मग त्याने ती छत्री उघडली, तिथेच, दुकानात. एकही काडी अडकली नाही. तो सासूबाईंकडे वळून, कारागीर कारागिराला विचारतो तसं, काहीतरी पुटपुटला. मुलीने भाषांतर करायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "खोबरेल. वर्षातून एकदा." त्याने समजल्यासारखी मान हलवली. मग छत्री मिटून त्याने डब्यात टाकली, कान असलेल्या छत्रीच्या शेजारी. झालं. एक्केचाळीस वर्षं, दोन विमानं, आणि शेवटी खडखड करून डब्यात. सासूबाईंचा चेहरा जरा पडला. निदान खुंटीला लावायला हवी होती, असं मलाही वाटून गेलं.

तिथूनच फोन लावला.

"दिली, अप्पा."

"त्यालाच दिली?"

"त्यालाच. जिवंत आहे. तुमच्या केसांची चौकशी करत होता."

"पावती?"

मी नकाशा उलटा करून, म्हणजे कॅलेंडरच्या बाजूने, म्हाताऱ्यापुढे धरला. त्याने एका रविवारच्या चौकटीत सही केली. फोटो काढून बायकोच्या फोनवर पाठवला. ती अप्पांच्या शेजारीच होती. पाच मिनिटांनी अप्पा म्हणाले, "सही बरोबर वाटते. पण जावईबुवा, आणखी एक आठवलं. त्याच बंदरात गोदीतल्या एका मेकॅनिककडून मी पक्कड घेतली होती. लाल मुठीची. तीही राहिलीच आहे द्यायची. म्हणजे ती होईपर्यंत..."

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"पक्कड कालच दिली," त्या म्हणाल्या. "लाल मुठीची. हो. त्यालाच. त्याने नमस्कार सांगितलाय. आता चष्मा उचला आणि सही करा." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी सोमवारी घरी येतेय. सतराला बाहेर बाकावरच बसलेली असेन. हलणार नाही. करा."

थोड्या वेळाने बायकोचा संदेश आला: केली.

सासूबाईंनी पक्कड आणली कधी आणि दिली कधी, हे मला अजून उमगलेलं नाही. काल तर दिवसभर माझ्याबरोबर होत्या; बुधवारी मी पाय भिजवत बसलो होतो तेव्हा जाऊन आल्या असतील. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही आपलं लिहा."

निघायला दारात आलो आणि पाऊस कोसळला. बारीक नाही, चांगला. न्हाव्याच्या मुलीने डब्यात हात घातला, सगळ्यात वरची छत्री काढली आणि सासूबाईंच्या डोक्यावर धरली. सगळ्यात वरची म्हणजे अर्थात नुकतीच टाकलेली.

"नको, नको," सासूबाई म्हणाल्या. तिला कळलं नाही. त्यांनी हात जोडले. तिला वाटलं आभार मानतायत. तिने मूठ माझ्या हातात कोंबली, खांद्यावर थाप मारली आणि दाढीकडे परत गेली. त्या गिऱ्हाइकाचा फेस केव्हाचा वाळला होता.

"उद्या आणून देतो," मी म्हणालो.

तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. उद्या साडेआठला आमची गाडी विमानतळाकडे निघते. दुकान दहाला उघडतं, दारावर लिहिलंय.

जिना उतरलो. छत्री खरोखरच मोठी आहे. दोघं मावलो तिच्याखाली, पिशवीसकट. माशाच्या शेपटीपाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एक्केचाळीस वर्षं हिला तेल घालतेय. खाली उभी कधी राहिले नव्हते." आणि थोड्या पुढे गेल्यावर, "चांगली आहे हो."

अप्पांना हे कळवायचं नाही असं ठरलं. म्हणजे बोलून काही ठरलं नाही. लॉजवर आल्यावर छत्री त्यांनी माझ्या खोलीत ठेवली, स्वतःच्या नाही.

खरं तर यात विचार करण्यासारखं काही नाही. पावती आहे, सही आहे. शंभर छत्र्या गेल्या, कोणी मोजत नाही, हे खुद्द मालकाच्या तोंडचं आहे. झोपतो.

रविवार, ९

साडेपाचला जाग आली. डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलंच आहे, साखरेसाठी, आणि आठ दिवसांत मनासारखं चालणं झालं नव्हतं. म्हणून निघालो. छत्री घेतली कारण बाहेर पाऊस होता.

नकाशा लागला नाही. दरवाजा नंबर दोनपासून माशाच्या शेपटीपर्यंत माझी पाचशे बारा. लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडलं तर. चढाची तीनशे पंचवीस. पायऱ्या बहात्तर. दुकानाला कुलूप होतं, डबा आत. छत्री झटकली, मिटली, पट्टी नीट गुंडाळून बटण लावलं आणि दाराच्या कड्याला अडकवली, कात्री बाहेरून दिसेल अशी. चिठ्ठी ठेवावी असं वाटलं होतं, पण त्यात काय लिहायचं ते सुचेना. मला सुचलं नाही असं क्वचित होतं.

परतताना पाऊस वाढला. कॉलरमध्ये पाणी, बुटांत पाणी. सोमवारइतकाच भिजलो, पण तक्रार नोंदवायला जागा नव्हती. हातात छत्री नव्हती.

खोलीच्या दाराशी, मी काढून ठेवलेल्या चपलांवर, कुणीतरी कोरडा टॉवेल घडी करून ठेवला होता. लॉजवाल्यांची ही सोय मला आठ दिवस माहीत नव्हती.